टाकीवरची चांदणी

ह्यांची उजवी बाजू नवरात्रात गेली. सकाळी पवनानगरची पहिली फेरी मारायला जीपमध्ये बसले आणि किल्लीच फिरवता येईना. पॅसेंजर मागे बसलेले, कुणीतरी ओरडलं, "दत्तोबा, निघायचं का आता?" आणि हे स्टिअरिंगवर डोकं टेकून गप्प. पुण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

त्याच संध्याकाळी कुसगावच्या भैरोबापुढे दिवा लावून मी नक्त धरलं. नक्त म्हणजे दिवसभर उपास, आणि संध्याकाळी चांदणी दिसली की मगच जेवायचं. माझी आई श्रावणातल्या सोमवारी धरायची. मी रोजचं धरलं, हे आपल्या पायांनी उंबरा ओलांडतील तोवर. बाकीचे नेम होतेच. तुळशीचं पाणी, शनिवारचं मारुतीला तेल, दोन्ही एकादश्या, संकष्टी. त्यात आणखी एक, असं मला तेव्हा वाटलं. नेमाचं मला ओझं कधी वाटलं नव्हतं. उलट नेम असला की दिवसाला कडा येतात, नाहीतर दिवस नुसता सांडत राहतो.

पण पंचेचाळिशीपासून मला साखर आहे. सकाळची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नसते. मी ती संध्याकाळी जेवल्यावर घ्यायला लागले, आणि कधी विसरून सकाळीच घेतली जायची. दिवसभर पाणी आणि बिनसाखरेचा चहा. ह्यांना उठवून बसवायचं, कूस बदलायची, तेल चोळायचं, धुवायचं, भरवायचं. दुपारपर्यंत माझे हात पिठाच्या गोळ्यासारखे होऊन जायचे. त्या वेळी मी देवाचं नाव घ्यायचे, पण खरं सांगायचं तर नुसते ओठ हलायचे. मन कुठेच नसायचं. थकलेल्या माणसाचा जप देवाला कितपत पोचतो, कुणास ठाऊक.

आमची मुलगी स्नेहल नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात आहे. तिच्या पाळ्या बदलत्या. शनिवार-रविवार ती घरी असली की मी पवनेच्या काठी तंबूवाल्यांकडे स्वयंपाकाला जाते. तिथे शहरातली मुलं येतात, गाणी लावतात, पिठलं-भाकरी मागतात. उपाशी पोटी शंभराच्या वर भाकऱ्या थापायच्या. भाजत्या भाकरीच्या वासाने आधी भूक लागते, मग मळमळतं, मग काहीच होत नाही. त्या काहीच न होण्याची मला सवय झाली होती.

तंबूंच्या जागेवर शनिवारी धम्मदीप यायचा. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचा, हिराचा मुलगा. लोणावळ्याला रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आहे. आकाश बघायचं त्याला लहानपणापासून वेड. आपल्या पगारातून मोठी दुर्बीण घेतली आणि तंबूतल्या पाहुण्यांना ग्रह-तारे दाखवायला लागला. मायलेक दोघंही बुद्धविहारात जाणारे, व्रतवैकल्याचं त्याच्या घरी नाव नाही. तरी मला कधी हिणवलं नाही त्याने. फार तर म्हणायचा, "काकू, आज कुठला देव उपाशी ठेवतोय?"

"देव नाही ठेवत रे. मी राहते."

"मग देवाचं नाव कशाला खराब करता?"

असं चालायचं आमचं.

माघातली गोष्ट. सूर्य नुकताच डोंगराआड गेला होता, धरणाचं पाणी अजून उजळ होतं. पश्चिमेला माझी चांदणी लागली. मी हात पुसले, नमस्कार केला आणि ताटात घेतलेल्या भाकरीचा तुकडा मोडला. धम्मदीप शेजारीच दुर्बिणीचे पाय रोवत होता.

"काय बघताय रोज तिकडे?"

मी त्याला नक्ताचं सांगितलं. घराबाहेर कुणाला सांगितलेलं नव्हतं, पण त्या पोराला सांगताना काही वाटलं नाही.

तो हसला. वाईट नव्हे, एखाद्याला आवडीची गोष्ट सांगायला मिळाली की हसतात तसा. "अहो काकू, ती चांदणी नाहीच. तो शुक्र. ग्रह आहे तो, आपल्या पृथ्वीसारखा. थांबा, दाखवतो. बघाच आज, कोर झालीय त्याची."

मी डोळा लावला. इवलीशी कोर, चतुर्थीच्या चंद्रासारखी, थरथरत होती. सुंदर होती. आणि माझ्या हातातला घास तसाच राहिला.

दिवाळीपासून मी रोज हिलाच बघून जेवत आले होते. आधी तीच दिसायची, पश्चिमेला, सगळ्यांत झळझळीत. दुसरी शोधायची मला कधी गरजच पडली नाही. म्हणजे चांदणी न बघताच मी रोज जेवले. म्हणजे एक दिवसही नक्त झालं नाही.

"काकू? काय झालं?"

"काही नाही. छान आहे," मी म्हणाले आणि भाकरीचा तुकडा ताटात ठेवून दिला. त्या रात्री जेवलेच नाही.

दुसऱ्या दिवशी देवळात गुरवाला विचारलं, शुक्र चालतो का. तो समईत तेल घालत होता. म्हणाला, "चालतं हो वहिनी. देव काय दुर्बीण घेऊन बसलाय व्हय?"

मला ते पटलं नाही. मी ह्यांच्या पायांसाठी बसले होते. घरात एवढी दुखणी, एवढी औषधं, व्यायाम शिकवणाऱ्या पोरीच्या एवढ्या फेऱ्या, आणि ह्यांच्या पायाचा अंगठासुद्धा हलत नव्हता. का हलत नव्हता, हे मला आता कळलं असं वाटलं. देवाला दिलेला शब्द खोटा पडला होता. मी नारळ ठेवला आणि नव्याने धरलं. पहिल्यापासून.

ह्या वेळी चांदणी ओळखून. धम्मदीपने सांगितलेलं होतं की संध्याकाळी व्याधाचा तारा लवकर दिसतो. पण आमच्या अंगणातून त्या अंगाला नवं हॉटेल उभं राहिलंय. गच्चीवर रंगीत दिवे, भिंतींवर फोकस. तिकडचं आभाळ ताकासारखं पांढुरकं. व्याध त्या उजेडाच्या वर येईपर्यंत मी पायरीवर बसायचे. शुक्र समोर ढळढळीत दिसत असायचा, आणि मी त्याच्याकडे पाठ करायचे. आतून ह्यांचा आवाज यायचा. जीभ जड झालेली, अर्धे शब्द तोंडातच राहायचे.

"जेवलीस का?"

"अजून नाही दिसली."

मग ते खाटेच्या दांडीवर डाव्या हाताची बोटं वाजवत राहायचे. जीप सुटायला उशीर झाला की स्टिअरिंगवर वाजवायचे, तशी.

तसे काही दिवस गेले. एका दुपारी त्यांना खाटेवरून खुर्चीत घेत होते. एक हात त्यांच्या काखेत, एक कमरेला, रोजच्यासारखा. सकाळी गोळी घेतली गेली होती, हे मला नंतर आठवलं. डोळ्यांपुढे आधी पिवळं झालं, मग कानात धरणाच्या सांडव्यासारखा आवाज, आणि मग काही नाही.

जाग आली ती गालावर कुणीतरी थापटत होतं म्हणून. हे माझ्या शेजारी फरशीवर पडलेले. कपाळाला खोक पडून रक्त भुवईत उतरलेलं. डाव्या हाताने मला थापटत होते आणि तोंडाने "ए... ए..." एवढंच. हाक मारायला आवाज नव्हता. मी किती वेळ तशी पडले होते ते त्यांनाच माहीत. कसंबसं उठून मी गुळाचा खडा... नाही, लगेच खाल्ला नाही. गुळाचा खडा मी हातात घेतला आणि बाहेर बघितलं. ऊन. चांदणी कुठली.

"खा," हे म्हणाले.

"संध्याकाळी..."

"खा म्हंतोय न्हवं!"

मी खाल्ला. आणि रडले. त्यांना लागलं म्हणून नव्हे. नव्याने धरलेलं पुन्हा मोडलं म्हणून. इतक्या दूर मी त्या वेळी जाऊन बसले होते, हे आज लिहितानाही जड जातं.

स्नेहल आली, डॉक्टरांना फोन केला, बापाच्या कपाळाला पट्टी झाली. मग ती माझ्याकडे वळली. "आई, तू आप्पांना पाडलंस. उद्या डोकं फुटलं असतं तर तुझ्या चांदणीला काय सांगितलं असतंस?"

तिच्या मागून ह्यांचा आवाज आला. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा.

"देवाला सांगितलंस. मला इचारलं व्हतंस का?"

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"रोज सांज झाली की... मी हितं पडून... मोजतोय. तू कवा जेवतीस ते. माझं पाय उठंनात, आन तू उपाशी. म्हंजे... माझ्यामुळंच न्हवं?" एवढं बोलून त्यांना दम लागला. "आजाऱ्यावर... आनखी वझं कशाला टाकतीस?"

मी त्यांच्यासाठीच करत होते. ते खाटेवर पडून माझ्या उपासाखाली दबत होते, हे माझ्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. पण तरी, देवाला दिलेला शब्द मी कसा मागे घ्यायचा? ह्यांचं ऐकून नेम सोडला आणि पाय कायमचे गेले, तर ते मी कुणाच्या माथी मारू? रात्रभर हेच. मी त्यांना सांगितलं, "मला चांदणी दिसल्याशिवाय घास उतरणार नाही हो. प्रयत्न केला तरी उतरणार नाही." ते तोंड भिंतीकडे करून निजले.

स्नेहलने धम्मदीपला फोन केला असावा. कारण महाशिवरात्रीच्या अलीकडे, एका पहाटे अंधार असतानाच अंगणात मोटारसायकल थांबली. रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता. पाठीवर दुर्बिणीची लांब पेटी, डोळे लाल.

"काकू, चूक माझी. मी उगाच शुक्राचं बोललो."

"खरं ते बोललास."

"खरं अर्धंच बोललो. उरलेलं दाखवायला आलोय. मी तुमचं व्रतबित मानत नाही, पण नियम म्हणजे नियम, मी रेल्वेतला माणूस आहे. तुमच्या नियमात चांदणी दिसायला पाहिजे, बरोबर?"

"हो."

"शुक्र नको, खरी."

"हो."

"मग मला फक्त चहा द्या."

त्याने अंगणात दुर्बीण उभी केली. ईशान्येला, शेवग्याच्या वर एक टपोरी निळसर चांदणी होती. तो म्हणाला, "हा अभिजित. हा ग्रह नाही. आपल्या सूर्यासारखा, त्याच्याहून मोठा." मी साध्या डोळ्यांनी पाहिलं, मग दुर्बिणीतून पाहिलं. दोन्हीकडे ठिपकाच, पण दुर्बिणीत जास्त धारदार. त्याने एक बटण दाबलं, बारीक घरघर सुरू झाली. "आता ही मोटर त्याच्यामागे फिरत राहील. तुम्ही तुमची कामं करा. जाता-येता डोळा लावत जा. दुर्बिणीला हात लावायचा नाही, आणि तिला सूर्याकडे वळवायचं नाही कुणी."

आणि तो ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला.

मी सडा घातला आणि डोळा लावला. चांदणी होती. तुळशीला पाणी घातलं, पुन्हा लावला. आता पूर्वेला तांबडं फुटलं होतं, साध्या डोळ्यांना ती फिकट झाली होती, दुर्बिणीत होती. ह्यांचं तोंड धुतलं, चहा पाजला. बाहेर आले तर साध्या डोळ्यांना अभिजित गेलेला. आभाळ नुसतं निळं. मी घाबरतच वाकले.

होता.

मग मी जात-येत राहिले. भाजी चिरून, कपडे भिजवून, ह्यांना पुसून. दर वेळी वाटायचं, आता नसेल. ऊन अंगणभर पसरलं, शेवग्याची सावली आखडली, शेजारच्या बाईंनी गोधड्या वाळत घातल्या आणि विचारलं, "दिवसाढवळ्या काय बघता ओ वहिनी?" दुर्बिणीचं तोंड हळूहळू वळत डोक्यावर गेलं होतं, तिथून उत्तरेकडे, आणि मग शेजारच्या घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीच्या वर. मी डोळा लावला. निळ्या पाण्यात मिठाचा एक कण पडावा तसा तो दिसत होता. फक्त विरघळत नव्हता.

धम्मदीप जागा झाला होता. "आहे का?"

"आहे."

"असणारच. तो कुठे गेलाच नव्हता. दिवाळीपासून रोज दुपारी तुम्ही उपाशी बसलात ना, तेव्हा वर सगळ्या होत्या. उजेडात आपले डोळे कमी पडतात, त्यांचा काय दोष? पावसाळ्यात घाटात असं धुकं असतं की सिग्नल दिसत नाही ड्रायव्हरला. मग आम्ही रुळावर फटाका ठेवतो. चाकाखाली वाजला की त्याला कळतं, पुढे सिग्नल आहे. दिसला नाही म्हणून नाही, असं नसतं काकू. तसं असतं तर घाटात एक गाडी शिल्लक राहिली नसती."

आतून खाट वाजली. बोटांची ती जुनी घाई.

"आप्पांनाही दाखवू," धम्मदीप म्हणाला.

आम्ही दोघांनी मिळून ह्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उंबऱ्यावरून उचलून बाहेर आणली. नवरात्रानंतर पहिल्यांदा ते अंगणात आले, पण आपल्या पायांनी नाही. मला तेवढं टोचलंच. धम्मदीपने डोळा लावायची नळी त्यांच्या तोंडासमोर वळवून दिली. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मायला," ते म्हणाले. "दिवसा चांदन्या दावतोस व्हय रं! लोक मार खाऊन बगत्यात त्या."

धम्मदीप एवढा हसला की दुर्बीण हलली. मीही हसले. किती दिवसांनी, आठवत नाही.

"आप्पा, हा उजेड तिथून निघून इथवर यायला पंचवीस वर्षं लागली. आत्ता तुम्ही बघताय तो पंचवीस वर्षांपूर्वी निघालेला आहे."

ह्यांनी पुन्हा नळीला डोळा लावला. "स्नेहल... तवा पोटात व्हती."

"हो," मी म्हणाले.

"मी जीप... नवी घेतलती."

"हो. हिरवी."

"मंग त्याला ठावं न्हाई अजून." त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "त्याच्या लेखी मी चालतोयच."

शेजारच्या गोधड्या वाऱ्याने फडफडत होत्या. पंचवीस वर्षांपूर्वी निघालेल्या उजेडापुढे माझी दिवाळी ते माघ केवढीशी? पण हे असं मनात आलं म्हणून पाठ दुखायची थांबली नाही. ते खरं होतं आणि पाठही खरी होती. दोन्ही एकाच वेळी अंगणात उभी होती.

"आता आन," हे म्हणाले.

"काय?"

"ताट. चांदनी दिसली न्हवं? का हिलाबी जात इचारायची हाय?"

मी आत गेले. सकाळची भाकरी, वालाचं कालवण, कांदा. ताट घेऊन त्यांच्या खुर्चीपाशी पायरीवर बसले. भर ऊन. तो गुळाचा खडा सोडला तर एवढ्या दिवसांत उन्हात मी घास घेतला नव्हता. हात थांबला. मनात भैरोबाला म्हणाले, मी बघितली आहे, मला कुणाला फसवायचं नाही, तुला तर नाहीच. डोळा लावला तेव्हा खरंच होती. ह्यांनी डाव्या हाताने भाकरी मोडली. त्यांना तुकडा धड तोडता येत नाही, कालवणात बुचकळताना अर्धा सांडला. माझ्या तोंडापुढे धरला. घास उतरेल का, अशी मला भीती होती. उतरला.

जायच्या आधी धम्मदीप म्हणाला, "दुर्बीण रोज आणता येणार नाही काकू. पण जागा लक्षात ठेवा. आत्ता ह्या वेळेला तो टाकीच्या वर, हातभर. रोज थोडा थोडा पुढे सरकेल. महिन्याने ह्या वेळी पार खाली असेल, मग त्याच्या आधीच बघायचं. पहाटे उठल्यावर साध्या डोळ्यांनी दिसतोच. तिथून माग काढायचा."

"आणि ढग असले?"

"मग माझ्या आईला फोन करा. ती सांगेल, 'धम्मा म्हणतो, आहे' म्हणून."

ह्या गोष्टीला महिना होऊन गेला. ह्यांचे पाय उठलेले नाहीत. व्यायामाची पोरगी म्हणते, अंगठा हलतोय. मला तो हललेला दिसत नाही, पण मी तिच्याशी वाद घालत नाही. नेम मी सोडलेला नाही. पहाटे सडा घालताना अभिजित बघते आणि नमस्कार करते. तो फिकट होत निळ्यात बुडतो, तिथून मी मनानेच त्याच्यामागे फिरते. शेवगा, डोक्यावर, मग टाकी. आता टाकीवर तो लवकर येतो, म्हणून आमचं जेवणही लवकर असतं. दमायला होतंच. पण दमून बसले की आता पायरीवर एकटी नसते, ह्यांची खुर्ची शेजारी असते. एकटीला ती उंबऱ्यावरून काढता येत नाही, तेव्हा शेजारच्या बाईंना हाक मारते. पूर्वी मारायचे नाही.

आज एकादशी, म्हणून माझ्या ताटात वरी आणि दाण्याची आमटी होती. ह्यांच्या ताटात भाकरी. हॉटेलात कुणाची तरी हळद चालू होती, गाणी वाजत होती. मी टाकीच्या वर बघितलं. स्वच्छ निळं आभाळ, एक घार, बाकी काही नाही.

हे माझ्याकडेच बघत होते. बोटं खुर्चीच्या दांडीवर.

"दिसली का?" रोज विचारतात. चिडवतात.

दिसली म्हणाले असते तर खोटं झालं असतं.

"आहे," मी म्हणाले, आणि घास घेतला.